पॅड नवे, डिस्क जुनी, आणि सही आमची!



संघटनेच्या कामासाठी आम्ही म्हैसूरला गेलो होतो. तिथे अशोकपुरमला रेल्वेचा १९२४ सालचा कारखाना आहे. सभा आटोपून स्टेशनकडे परतताना रस्त्याकडेच्या एका गॅरेजसमोर चहाला थांबलो. समोर एक पिकअप जॅकवर उभी होती, पुढचे चाक काढलेले. गाडी ठेकेदाराची, माल पार्सलचा. ड्रायव्हर बेळगावकडचा निघाला. आमचे मराठी बोलणे ऐकून तो आपणहून जवळ आला.

त्याची फेरी म्हैसूर-उटी. त्या वाटेवरचा मसिनगुडी-कल्हट्टी घाट म्हणजे ३६ वळणे. ब्रेक निकामी होऊन तिथे इतके अपघात झाले की बाहेरच्या गाड्यांना तो घाट उतरायला मनाई करावी लागली. हा ड्रायव्हर उतरताना गुडलूरवरून येतो, पण घाट तिकडेही आहेच. तो म्हणाला, "काका, उतारावर पेडल पायाला धक्के देते. स्टिअरिंग थरथरते."

मिस्त्री जाणता होता. डिस्कच्या बाहेरच्या कडेला चांगली उभी धार आली होती, नख अडकेल एवढी. घासलेल्या जागेवर त्याने मायक्रोमीटर लावला. कमीत कमी जाडी किती हवी हे डिस्कवरच कोरलेले असते. माप त्याच्या खाली गेले होते. त्याने ठेकेदाराला फोन केला. उत्तर आले, "नवे पॅड टाका आणि गाडी सोडा. डिस्कचे पुढच्या महिन्यात बघू."

पॅड बदलले. बिलावर लिहिले, "ब्रेकचे काम पूर्ण." आम्ही ड्रायव्हरला म्हटले, बाबा, ही गाडी घेऊन घाटात जाऊ नकोस. तो म्हणाला, "मी नाही गेलो तर दुसरा जाईल, काका. गाडी तीच जाईल."

गाडीखाली आयुष्य काढलेली आम्ही माणसे, पण या उत्तरावर आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

टपाल खात्यातल्या बंधूंसाठी आधी डिस्कचे काम सांगतो. चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा तो कॅलिपर, आणि त्या चिमट्याच्या तोंडाला बसवलेले ते पॅड. गाडीचा वेग या घर्षणात उष्णता होऊन जिरतो. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. ती साठवायची आणि हवेत सोडायची हे काम डिस्कचे. डिस्क पातळ झाली की ती लवकर तापते. मोटारीत ती उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते, ऑइल उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल थेट फळीला टेकते. उतारावर हे झाले तर ड्रायव्हरने काय करायचे? चामुंडेश्वरीचा धावा?

पॅड नवे टाकले म्हणजे ब्रेक नवा झाला, ही शुद्ध धूळफेक आहे. डिस्क सात-आठ ठिकाणी मोजायची असते, कारण एका जागी जाड आणि दुसऱ्या जागी पातळ झाली की पेडल धक्के देऊ लागते. व्हर्नियर त्या उभ्या धारेवर टेकवला तर माप जास्त दाखवतो आणि बाद डिस्क पास होते. डायल गेज लावून डिस्क डोलते का ते पाहायचे. डोलत असेल तर आधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायचा, कारण पुष्कळदा दोष तिथेच असतो. लेथवर घासून सरळ केली तर ती आणखी पातळ होते, म्हणून पुन्हा मापायची. बदलायची तर दोन्ही बाजूंची जोडीने, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढते. कॅलिपरच्या पिना साफ करून योग्य ग्रीस द्यायचे. नव्या डिस्कवरचे तेल धुऊन काढायचे. नट समोरासमोर, टॉर्क पान्याने आवळायचे. मग पहिले काही थांबे हळूहळू घेऊन पॅड आणि डिस्क एकमेकांना बसू द्यायचे. यातले एकही काम अवघड नाही. पण प्रत्येकाला वेळ लागतो, आणि ठेक्याच्या दरात वेळ धरलेला नसतो.

रेल्वेवाले म्हणतील, पिकअपशी आमचा काय संबंध? आपल्या डब्याखाली वाकून पाहा. १९९५ साली जर्मनीच्या लिंक-हॉफमान-बुश कंपनीशी करार झाला, २००० साली पहिले डबे आले, पुढे कपूरथळ्याला बनू लागले. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईच्या कोच फॅक्टरीने जुन्या बनावटीचे डबे बनवणे थांबवले. आज आपण ज्यांना एलएचबी म्हणतो ते हे डबे. चांगले डबे आहेत. अपघातात एकावर एक चढत नाहीत, आणि आमचा त्यांना विरोध नव्हता व नाही. पण त्यांचा ब्रेक डिस्कचा आहे. दर ॲक्सलला ६४० मिलिमीटर व्यासाच्या दोन, म्हणजे डब्याला आठ डिस्क. नवे पॅड ३५ मिलिमीटरचे. जुन्या डब्याचा ब्रेक ब्लॉक चाकावरच दाबत असे, फलाटाच्या दुसऱ्या अंगाने चालत जाणाऱ्या फिटरला तो सहज दिसे. डिस्क दोन चाकांच्या मध्ये लपलेली. ती नीट बघायची तर पिटमध्ये उतरून, बॅटरी मारून, मान मोडेपर्यंत वर बघावे लागते.

आता हिशेब करा. २२ डब्यांची गाडी. डब्याला आठ, म्हणजे १७६ डिस्क. प्रत्येकीला दोन तोंडे, म्हणजे ३५२. एका डिस्कला एकच मिनिट धरले तरी १७६ मिनिटे झाली, चार मिनिटे कमी तीन तास. बोगी, स्प्रिंग, एअर होज, कपलिंग, पाणी, दरवाजे ही कामे वेगळीच. पिट लाइनवर गाडी उशिरा येते आणि वेळेवर मागितली जाते. माणसे निम्मी. सांगा साहेब, हे १७६ मिनिट कोणाच्या खिशातून काढायचे?

प्रशासनाची उत्तरे आम्हाला पाठ आहेत. पहिले उत्तर, "नव्या तंत्राला देखभाल कमी लागते." ब्लॉक वरचेवर बदलायची दगदग कमी झाली हे खरे. पण डिस्क एकदा बाद झाली की चाकांची जोडी बोगीतून काढून कारखान्यात न्यावी लागते आणि प्रेसवर चढवावी लागते. म्हणूनच "एक फेरी जाऊ द्या" असा तोंडी हुकूम येतो. दुसरे उत्तर, "डब्याला यंत्रे आहेत." आहेत. चाक घसरू लागले तर ब्रेक सैल करणारे यंत्र आहे, ब्रेक लागला की सुटला हे दाखवणारी हिरवी-लाल खिडकी आहे. पण डिस्क किती झिजली, तिला तडा कुठवर गेला, हे यांतले एकही सांगत नाही. ते सांगतो फिटर. तिसरे उत्तर, "ठेका स्वस्त पडतो." म्हैसूरच्या त्या पिकअपचा ठेकाही स्वस्तच होता!

आणि काही झाले की सही कोणाची शोधतात? "एक फेरी जाऊ द्या" म्हणणाऱ्याचा हुकूम कागदावर कुठेच नसतो. रजिस्टरवर "फिट" लिहिणाऱ्या फिटरची सही असते. एसएफ-५ त्याच्याच हातात पडतो. नफा ठेकेदाराचा, बचत प्रशासनाची आणि चार्जशीट कामगाराला, अशी ही वाटणी आहे.

२२ जानेवारी २०२५ हा दिवस आपल्या महाराष्ट्राने विसरू नये. जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या दरम्यान, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची आवई उठली. साखळी ओढली गेली, माणसे शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. बारा-तेरा जीव गेले. चाकाजवळच्या ठिणग्या आणि ब्रेक बाइंडिंगची चर्चा पहिल्याच दिवशीच्या बातम्यांत होती, पुढे अफवेवर बोट ठेवले गेले. आम्ही इथे निवाडा करत नाही. एवढेच म्हणतो की चाकाजवळचा धूर आणि जळका वास प्रवाशाला मरणाची भीती घालतो, आणि तो वास येऊ न देणे हे पिटमधल्या माणसाचे काम आहे. त्या माणसाची जागा रिकामी ठेवून भीती कमी होणार नाही.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली अहवाल दिला. त्यात एलएचबी डब्यांची शिफारस होती, तशीच सुरक्षिततेच्या कामातल्या रिकाम्या जागा भरण्याची आणि रेल्वे प्रशासनापासून स्वतंत्र असे सुरक्षा प्राधिकरण नेमण्याची होती. डबे आले. प्राधिकरण कपाटात राहिले. २०१७-१८ मध्ये पाच वर्षांसाठी एक लाख कोटींचा रेल्वे संरक्षा कोष जाहीर झाला. डिसेंबर २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवले की या कोषातले काही पैसे पाय चेपायच्या यंत्रांवर आणि कपबश्यांवर खर्ची पडले. आम्ही मायक्रोमीटर मागतो तेव्हा मात्र निधी नसतो.

आता एक कडू गोष्ट आमच्याच घरची. न मोजता सही करणारे आपल्यातही आहेत. मागच्या पानावरचे आकडे पुढच्या पानावर उतरवणारे रजिस्टर आम्ही स्वतः पाहिले आहे. दबाव असतो, वेळ नसतो, सारे मान्य. पण जी सही आपण फुकट देतो तीच उद्या आपल्या गळ्याचा फास होते. प्रशासनाशी भांडायचे तर आपला आकडा खरा हवा.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत:

१. प्रत्येक पिट लाइनवर आणि प्रत्येक मेल मोटार कार्यशाळेत मापाची साधने द्या. डिस्कचे माप आकड्यात लिहिले जावे, नुसते "ठीक" नको.

२. गाडीचा देखभालीचा वेळ डिस्क मोजून ठरवा, टाइमटेबल बघून नको.

३. फिटरने बाद केलेला डबा किंवा गाडी सोडायची असेल तर सोडणाऱ्याने लेखी हुकूम द्यावा आणि खाली स्वतःची सही करावी.

४. डिस्क आणि तयार चाकजोड्यांचा साठा आधी ठेवा, ठेक्याच्या जाहिराती मागाहून काढा.

५. टपालाच्या ठेक्याच्या गाड्यांना डिस्कच्या मापाची अट घाला, आणि खराब ब्रेकची गाडी नाकारणाऱ्या ड्रायव्हरची रोजी कापू नका.

पाचवी मागणी आम्ही म्हैसूरच्या त्या ड्रायव्हरसाठी लिहिली आहे. तो आमचा सभासद नाही, त्याची युनियन नाही. "दुसरा जाईल" असे तो म्हणाला. दुसराही नाही म्हणेल, तिसराही नाही म्हणेल, तेव्हाच ठेकेदार डिस्क विकत आणील. हे घडवून आणण्यासाठीच संघटना असते. तेव्हा शाखाशाखांतून येत्या सभेत हा विषय घ्या, आपल्या पिटवरची मापे लिहून काढा आणि आमच्याकडे पाठवा. आणि पुढच्या वेळी "एक फेरी जाऊ द्या" असे कोणी म्हटले, तर पेन त्याच्या हातात द्या!

रेल्वे-टपाल कामगार एकजूट झिंदाबाद!