पाळायचे तर दोन पाळा

उंदीर पाळतात म्हटलं की तुम्ही नाक मुरडणार, ठाऊक आहे. १८९७चा पुण्यातला प्लेग आपण शाळेत शिकलो. घरात उंदीर दिसला की आपण पिंजरा शोधतो. इथे सनीव्हेलला पिंजरा विकत आणतात तो उंदराने सुखाने राहावं म्हणून! गंमत म्हणजे कॅलिफोर्नियात फेरेट आणि जर्बिल पाळायला बंदी, उंदराला मात्र मुभा.

माझी तक्रार आहे ती एकच उंदीर आणणाऱ्यांबद्दल. हा कळपातला प्राणी. अंगाला अंग लावून झोपायला, एकमेकांचे केस साफ करायला त्याला सोबत लागते. पोराच्या हट्टापायी एकटाच आणायचा आणि दिवसभर घरात कुणी नाही, ही एकांतवासाची शिक्षाच की! दोन आणा, पण दोघी माद्या किंवा दोघे नर. (नाहीतर तीन आठवड्यांत डझनभर पिल्लं.) पाइन-सीडरचा भुसा नको, कागदी अंथरूण घाला आणि वेळेवर बदला, मुताच्या अमोनियाने त्यांची फुफ्फुसं बिघडतात. माद्यांना गाठीही फार होतात. ऑपरेशनचा खर्च उंदराच्या किमतीच्या कितीतरी पट, त्याचीही तयारी हवी.

आयुष्य जेमतेम २-३ वर्षं. त्यात जोडीतला एक आधी जाणारच. मागे राहिलेल्यासाठी तिसरा आणायचा, की आपणच त्याला जास्त वेळ द्यायचा? आमच्याकडे दोघी आहेत, आणि घरात यावर एकमत नाही.