बिलावरची तारीख कोणाच्या हातात?

मालाडच्या वस्त्यांत जुने लाईट बिल कोणी रद्दीत टाकत नाही. कुरार, मालवणी, अंबुजवाडी, कुठेही जाऊन विचारा. पत्र्याच्या पेटीत, जातीच्या दाखल्याच्या फाईलमध्ये, गादीखाली ती बिले जपलेली असतात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या परिशिष्ट-२ मध्ये पात्र ठरायचे तर १ जानेवारी २००० च्या आधीपासून आपण इथे राहतो हे कागदाने सिद्ध करावे लागते. ज्याच्याकडे दुसरा कागद नाही, त्याच्याकडे निदान लाईट बिल असते. पुढे १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपड्यांना पैसे भरून घर देण्याची तरतूद झाली. तिथेही पुन्हा तारीखच.

म्हणजे बिलावरच्या तारखेची किंमत आपल्या लोकांना चांगली कळते. पण तीच तारीख दर महिन्याला खिशातून किती काढते, हे मात्र कोणी बघत नाही. आमच्या चळवळीने हा विषय आजवर 'ग्राहक पंचायतवाल्यांचा' म्हणून सोडून दिला आहे. आमच्या मते तो आपला आहे.

घरगुती विजेचे दर पायऱ्यांचे असतात: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. या पायऱ्या महिन्याच्या हिशेबाने आहेत. समजा एका खोलीत रोज तीन युनिट जळतात आणि रीडिंग तीसऐवजी छत्तीस दिवसांनी झाले. युनिट झाले १०८. छत्तीस दिवसांना पहिली पायरी १२० युनिटची मिळाली पाहिजे, म्हणजे सगळे युनिट स्वस्त दरात. ती वाढवून दिली नाही तर आठ युनिट वरच्या दरात जातात. वापर तोच, फक्त मोजणारा उशिरा आला. एका घरात हा फरक थोड्याच रुपयांचा, म्हणून कोणी भांडत नाही. कोणी भांडत नाही, म्हणूनच तो बघायला हवा.

हे मोठ्या प्रमाणावर काय होते, ते २०२० मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. लॉकडाऊन लागल्यावर विद्युत नियामक आयोगाने मीटर रीडिंग थांबवून सरासरीने बिल द्यायला परवानगी दिली. सरासरी कशाची? आधीच्या, म्हणजे थंडीच्या महिन्यांची. आणि वीज जळत होती एप्रिल-मेच्या उकाड्यात, अख्खे कुटुंब दहा बाय पंधराच्या खोलीत कोंडलेले असताना. त्यात १ एप्रिल २०२० पासून नवे दर लागू झाले. जूनमध्ये रीडिंग सुरू झाले आणि साठलेला सगळा वापर एकदम बिलावर आला, तोही रोजगार बुडालेल्या घरांत. मार्च ते मेच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त बिल आलेल्यांना आयोगाने तीन हप्ते दिले. हप्ते ठीक. पण ३१ मार्चला मीटरवर काय आकडा होता, हे घरातल्या कोणी लिहून ठेवले नसेल तर किती युनिट जुन्या दराचे आणि किती नव्या, हे ठरवणार कोण? कागद ज्याच्याकडे, तोच.

इथे कोणीतरी म्हणतोच, "तुमच्या वस्तीत आकडे टाकतात, आधी त्याचे बोला." बोलू. आकडा टाकून वीज घेणाऱ्याला विद्युत कायदा, २००३ च्या कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बिलावर चुकीचा आकडा टाकला गेला तर ते दुरुस्त होते, फार तर थोडी भरपाई. एका आकड्याला तुरुंग आणि दुसऱ्या आकड्याला "पुढच्या महिन्यात अ‍ॅडजस्ट होईल". शिवाय याच कायद्याचे कलम ४३ वीज मागण्याचा हक्क मालकाला आणि भोगवटादारालाही देते. सातबारा नाही म्हणून ज्यांना मीटर नाकारला जातो आणि मग ज्यांना दर पंख्यामागे, दर बल्बमागे मधल्या दलालाला पैसे मोजावे लागतात, त्यांच्या चोरीची चर्चा या कलमापासून सुरू व्हायला हवी.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर सदस्य होते, हे आपण भाषणात सांगतो. वीज हे खाते त्यांच्याकडेच होते, हे कमी सांगतो. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजपुरवठ्याच्या धोरण समितीपुढे त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला, कारण औद्योगिकीकरणाशिवाय या देशातला गरीब दारिद्र्यातून सुटणार नाही असे त्यांचे म्हणणे होते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे मागितले. मुंबई शहरात बेस्ट १९४७ मध्ये महापालिकेकडे आली. उपनगरांत मात्र १९२९ च्या बीएसईएसपासून रिलायन्स आणि २०१८ पासून अदानी, अशी खासगी हातांतच वीज फिरली. बिलावरचे नाव बदलले, मालकीचा प्रश्न तिथेच राहिला. तो मोठा लढा आहे आणि तो लढावाच लागेल. तोवर हातात आहे ते वापरू.

हातात बरेच आहे. थकबाकीसाठी लाईट कापण्यापूर्वी कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. बिल वादाचे असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीचे बिल, यातले जे कमी ते 'हरकतीसह' भरले की लाईट कापता येत नाही. दोन वर्षांहून जुनी थकबाकी बिलावर सतत दाखवलेली नसेल तर वसूल करता येत नाही. कंपनीने ऐकले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही, पण तारीखवार कागद लागतो. प्रीपेड मीटरला आमचा विरोध याचसाठी होता: पैसे संपले की अंधार, मग नोटीस कसली आणि पंधरा दिवस कसले? सामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असे सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केले. ते शब्द लेखी आठवणीत ठेवा.

दर साधारण १ एप्रिलला बदलतात आणि त्याच दिवसांत आपली पोरे जयंतीच्या वर्गणीसाठी घरोघर फिरत असतात. यंदा पावतीपुस्तकासोबत एक वही घ्या. ३१ मार्चच्या संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक मीटरचा फोटो, ग्राहक क्रमांक आणि आकडा. मग एप्रिलचे बिल आले की विहारात बसून दोन्ही शेजारी ठेवा. ज्या घरात तफावत दिसेल त्या घरातल्या ताईंच्या नावाने अर्ज तिथेच लिहा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.