उत्तर बरोबर, रीत चूक

आपला मुलगा संगणकापुढें बसून जुने व्हिडिओ गेम खेळतो, असें गाऱ्हाणें घेऊन पालक वेळोवेळीं आम्हांकडे येतात. खेळाच्या अतिरेकाचें समर्थन आम्हांस करावयाचें नाहीं. परंतु त्या खेळामागें एक विद्या आहे, आणि ती आमच्या विद्यार्थ्यांस गणिताच्या तासाइतकीच उपयोगी पडेल, असें आमचें मत आहे.

जपानांतील निंटेंडो कंपनीनें १९९० सालीं 'सुपर फॅमिकॉम' नांवाचें खेळयंत्र विक्रीस काढिलें. जपानबाहेर त्यास 'सुपर निंटेंडो' म्हणतात. अशीं यंत्रें आतां जुनीं झालीं. त्यांतील सूक्ष्म भाग बिघडतात, खेळाची प्रगति जपणारी कार्ट्रिजमधील लहानशी बॅटरी संपते. त्या यंत्राचा सारा स्वभाव आजच्या संगणकानें उचलावा, व मूळ खेळ त्यावर जसाचा तसा चालावा, याकरितां जी प्रणाली लिहितात तीस 'एम्युलेटर' म्हणतात. अमेरिकेंतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या जुन्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ बाजारांत मिळत नव्हते. तेव्हां हें काम केवळ पोरखेळ नव्हे.

तें कठीण कां, हें पाहूं. सुपर निंटेंडोमध्यें हिशेब करणारा, चित्र काढणारा व ध्वनि उठविणारा असे निरनिराळे भाग एकाच वेळीं चालतात. संगणकावरील एम्युलेटर बहुधा हीं कामें आळीपाळीनें करितो. गाणें, पेटी आणि तबला हीं तिन्हीं एकट्या मनुष्यानें संभाळावीं, तसाच हा प्रकार! पाळी जितकी लवकर बदलावी तितका मेळ नीट बसतो; परंतु तितकेच श्रमही वाढतात.

१९९७ सालीं निघालेल्या 'झेडस्नेस' या एम्युलेटरच्या वेळीं घरोघरचे संगणक मंद होते. म्हणून चित्राची एक संपूर्ण आडवी रेघ एकदम काढावी, आणि एखादा खेळ अडखळल्यास त्या खेळापुरतें ठिगळ लावावें, अशी वहिवाट पडली. खेळ चालले, मुलें आनंदलीं. त्या कर्त्यांस आम्ही दोष देत नाहीं. मंद यंत्रावर गति आणणें हेंही कौशल्यच होय. तथापि शिक्षकाच्या दृष्टीनें पाहतां ही ती वही होय, जींत उत्तर बरोबर आहे आणि रीत चूक आहे.

त्याचे परिणामही झाले. 'एअर स्ट्राइक पेट्रोल' या खेळांत विमानाची छाया जमिनीवर पडते. ती रेघ काढीत असतां मध्येंच फेरफार करून उमटविलेली असल्यामुळें, रेघ एकदम काढणाऱ्या एम्युलेटरांत ती छाया नाहींशी होई. खेळणाऱ्यास मात्र कांहीं उणें आहे याचा पत्ताही नसे! पुढें हौशी लोकांनीं जुन्या खेळांचीं भाषांतरें केलीं, आणि तीं अशाच एम्युलेटरावर पारखलीं. त्यांपैकीं कित्येक खऱ्या यंत्रावर चालेनात. एका चुकीच्या पायावर दुसरी चूक उभी राहिली.

याच्या उलट २००४ सालीं 'बीस्नेस' या एम्युलेटराचें काम सुरू झालें. कोणत्याही खेळासाठीं ठिगळ लावावयाचें नाहीं, यंत्रच पुरतें समजून घ्यावयाचें, असा त्याचा बाणा होता. 'स्पीडी गोन्झालेस' या खेळाच्या एका टप्प्यांत एका कळीस स्पर्श होतांच इतर एम्युलेटरांत खेळ थिजून जाई. कारण शोधतां आढळलें कीं, तो खेळ स्मृतींतील अशा जागेचा मजकूर वाचतो जेथें कांहींच नाहीं; आणि तेथें काय हातीं लागेल, हें यंत्राच्या वाहिनीवर त्या क्षणीं काय वाहत आहे यावर अवलंबून असतें. ठिगळ लावलें असतें तर एक खेळ सुटला असता, यंत्र समजलें नसतें. या तंतोतंतपणाची किंमतही मोठी होती. मूळ यंत्राच्या मुख्य भागाचे ठोके सेकंदास जास्तींत जास्त सुमारें ३६ लाख. त्याचें हुबेहूब अनुकरण करण्यास २०११ सालीं सेकंदास ३०० कोटि ठोक्यांचा संगणक लागे.

येथें कोणी म्हणेल, हीही शेवटीं दुसऱ्याच्या मालाची नक्कलच ना? अभ्यास आणि नक्कल यांतील भेद अमेरिकेंतील एका अपील न्यायालयानें २००० सालीं सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यांत दाखविला आहे. सोनीच्या यंत्राचें काम समजून घेण्यासाठीं तिची प्रणाली उतरवून अभ्यासणें न्यायालयानें रास्त मानिलें; कारण कनेक्टिक्सच्या विक्रीच्या मालांत सोनीचें लिखाण नव्हतें. परंतु विकत घ्यावयाचा खेळ फुकट उतरवून घेणें ही निराळी गोष्ट आहे, आणि तिला आम्ही अभ्यास म्हणणार नाहीं. २०२४ सालीं खेळांवरील कुलपें मोडण्यास साहाय्य होतें, या आरोपावरून निंटेंडोनें 'युझू' या एम्युलेटरावर दावा लाविला, तेव्हां त्याच्या कर्त्यांनीं २४ लाख डॉलर देण्याचें कबूल करून तें काम बंद केलें. विद्येच्या मार्गावरही कुंपणें असतात, हें मुलांनीं विसरूं नये.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलगा खेळतांना दिसल्यास त्यास "हें कसें चालतें?" असें एकदां विचारावें. उत्तर शोधण्याची त्यास गोडी लागली, तर आरंभास 'चिप-८' ही १९७० नंतरच्या दशकांतील लहानशी प्रणाली आहे. तिच्या आज्ञा अवघ्या ३५. चिकाटीच्या विद्यार्थ्यास तिचा एम्युलेटर सुटीत लिहितां येईल.

आणि विद्यार्थिमित्रहो, पडद्यावर खेळ चालूं लागला म्हणजे काम संपलें असें मानूं नका. वहींत उत्तराखालीं दोन रेघा ओढण्यापूर्वीं वरची रीत पुन्हां एकवार वाचा.