शान कुणाची, उस्तवार कुणाची?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात आलेला कोणताही छापील कागद शेवटी माझ्याच हाती येतो. विजेचे बिल, बँकेचा फॉर्म, सातबाऱ्याचा उतारा, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. दोन वर्षांपूर्वी यात आणखी एका कागदाची भर पडली. ते होते कुत्र्याच्या लसीकरणाचे कार्ड. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, लातूरकडून कारवान जातीचे एक पिल्लू आणले होते. कार्डावर मालकाच्या रकान्यात दादाचे नाव होते. त्याखालची तारखांची घरे मात्र माय आणि मी भरली. मला जे म्हणायचे आहे ते एवढ्यातच आले. पुढचा सारा मजकूर म्हणजे त्याचा विस्तार समजावा.

कारवान कुत्रा सर्वांनी पाहिला असेलच असे नाही, म्हणून थोडी माहिती देते. दोन फुटांहून अधिक उंची, लांबोळके तोंड, खोल छाती, पोटाशी एकदम आत गेलेली कंबर आणि काठीसारखे पाय. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर पश्चिम आणि मध्य आशियातून हे कुत्रे दख्खनमध्ये आले, असे परंपरेने सांगतात. 'कारवान' म्हणजे काफिला, त्यावरून हे नाव. खेड्यापाड्यांत लोक त्याला 'कारवानी' म्हणतात. कानावर आणि शेपटीवर रेशमासारखे केस असले तर तो 'पश्मी'. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ येथे संस्थानिक घोरपडे घराण्याने या कुत्र्यांची जोपासना केली, म्हणून तिकडे त्याला मुधोळ म्हणतात. बहुतेक कुत्री नाकाने माग काढतात, हा डोळ्यांनी काढतो. दूरवर काही हलले की त्याच्या अंगात वीज शिरते आणि मग हाक मारून उपयोग नसतो. याच्या विलायती भाऊबंदांपैकी ग्रेहाऊंड ताशी साठ-पासष्ट किलोमीटर वेगाने धावतो. अशी धाव घेऊन झाली की हे कुत्रे उरलेला दिवस चक्क झोपून काढतात. थोडक्यात सांगायचे तर, चोवीस तासांतली थोडीशीच वेळ त्याला खऱ्या अर्थाने जगायला लागते.

आणि नेमकी तीच वेळ आम्ही त्याला दिली नाही.

आमचे चितेगाव पैठण रस्त्यावर आहे. एका अंगाला कपाशी, बाजरी आणि तूर, दुसऱ्या अंगाला कारखाने. पुढे बिडकीनला औद्योगिक नगरी उभी राहते आहे. आजोबांच्या वेळी जिथे मोकळे माळ होते तिथे आता तारेची कुंपणे आहेत, आणि रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. अशा गावात दादाने कारवान आणला तो मित्रांकडे पाहून. पिल्लू आले त्या दिवशी वाड्यात जत्रा भरली. मोबाईलवर फोटो निघाले. त्याचे नाव ठेवले हरण्या. दादा एका कंपनीत पाळीने कामाला जातो. आठ-पंधरा दिवसांत कौतुक ओसरले, आणि हरण्या अंगणातल्या कडुनिंबाला बांधला गेला.

वर्षभरात तो माझ्या कमरेच्या वर गेला. साखळी होती तेवढीच राहिली. साखळी जाईल तितके गोल रिंगण त्याने पायांनी खणून काढले. त्या रिंगणात गवताची काडी उरली नाही. माय सकाळी त्याच्यासाठी दोन भाकरी जास्तीच्या थापायची. त्याचे गोचीड काढायची, पाण्याचे घमेले भरायची, शेण काढता काढता त्याचीही घाण काढायची. आल्यागेल्याने विचारावे, "कुणाचं हो कुत्रं?" आणि माय सांगायची, "पोराचं हाय." मला त्या उत्तराचे फार नवल वाटे. भाकरी हिची, हात हिचे, आणि कुत्रा पोराचा!

गेल्या वर्षी पोळ्यानंतर एके दिवशी पट्ट्याची कडी तुटली. हरण्या सुटला आणि शेजारच्या मावशींचे शेळीचे करडू त्याने धरले. आम्ही पोहोचेपर्यंत सर्व संपले होते. मावशींचा संसार त्या दोन शेळ्यांवर चालतो. त्या ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, नुसत्या करडाजवळ बसून राहिल्या. ती गोष्ट मला आजही बोचते. भरपाई मायने दिली, कापूस वेचून गाठीला बांधलेल्या पैशांतून. गल्लीत सर्वांचे मत एकच पडले: कुत्रे माजले आहे, काढून टाका. दादालाही ते पटले. रात्री शेतात कुत्री नेऊन ससे धरणारा एक जण त्याला ठाऊक होता. तो हरण्याला फुकट न्यायला तयार होता.

मी विरोध केला. "चार बुकं शिकली म्हणून लई शहाणी झाली का?" हे मला ऐकावे लागले. वाचकहो, शिकलेल्या मुलीला हे वाक्य नवीन नसते. पण त्या रात्री मला पहिल्यांदा वाटले की होय, चार बुके शिकले आहे, तर ती वापरली पाहिजेत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात प्राण्यामागे कुत्री सोडून पाठलाग करणेही येते, आणि सशालाही त्या कायद्याचे संरक्षण आहे. हे मी दादाला सांगितले. आणखी एक कायदा आहे, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा, 1960 सालचा. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा त्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे मालकाचा गुन्हा आहे. हेही मी सांगितले. दादा गप्प झाला. मग म्हणाला, "मंग काय करावं? मी पाळी करून येतो, मला जीव हाय का नाही?"

त्याचा प्रश्न खोटा नव्हता. खरा घोळ तिथेच आहे. करडू मारले ते हरण्याने, पण तो पळणाऱ्या जनावरामागे धावला, कारण पिढ्यान्‌पिढ्या माणसाने त्याला त्याचसाठी जोपासले. आज शिकार बंद झाली, ती व्हायलाच हवी होती. माळ गेले. माणसाची गरज संपली, पण कुत्र्याच्या पायांतली धाव काही संपली नाही. ही एकट्या चितेगावची कथा नाही. स्पेनमध्ये याच प्रकारचे 'गाल्गो' कुत्रे शिकारीचा हंगाम संपला की सोडून दिले जातात. तिथे 2023 साली प्राणिकल्याणाचा नवा कायदा झाला, पण शिकारी कुत्री त्यातून वगळली गेली. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी 2018 साली ग्रेहाऊंडच्या शर्यती बंद करण्याचा कौल दिला. तेव्हा शर्यतीच्या कुत्र्यांसाठी घरे शोधावी लागली आणि पुष्कळ कुटुंबांनी ती कुत्री घरी नेली. म्हणजे काम संपले तरी जबाबदारी संपत नाही, हे काहींना उमगले आणि काहींना नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, माणसांना धड खायला नाही तिथे कुत्र्याचे लाड कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या घरी दुष्काळाची वर्षे निघाली आहेत. पण मी लाड मागतच नाही. परवडत नसेल तर आणू नये, इतकेच माझे म्हणणे आहे. पिल्लाला हजारो रुपये मोजणाऱ्याने रोजच्या उस्तवारीचा हिशेब आधी मांडावा, आणि ती उस्तवार आईच्या किंवा बहिणीच्या नावावर परस्पर टाकू नये.

दुसरा आक्षेप अभिमानाचा आहे. देशी जात आहे, ती टिकली पाहिजे! टिकली पाहिजे हे मलाही मान्य आहे. टपाल खात्याने 2005 साली मुधोळ आणि इतर देशी कुत्र्यांची तिकिटे काढली. भारतीय सैन्याने मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षण देऊन पाहिले. 2020 सालच्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी कुत्री पाळण्याचे आवाहन केले. हे सर्व चांगले आहे. पण तिकिटावरचा कुत्रा धावायला मागत नाही, दारातला मागतो. साखळीच्या रिंगणात जात टिकत नसते, फार तर तिचा सांगाडा टिकतो.

सांगाड्यावरून आठवले. हरण्याच्या फासळ्या दिसतात म्हणून येणारे-जाणारे आम्हाला नावे ठेवत. दादा मग लाजेने त्याला दडपून खाऊ घाली. लस टोचायला गेले तेव्हा मी पशुवैद्यांना विचारले. ते म्हणाले की या जातीच्या दोन-चार फासळ्या दिसणे हे तब्येत चांगली असल्याचेच लक्षण आहे. अंगात चरबी कमी म्हणून याला थंडी लवकर बाधते आणि भूल द्यायची झाली तर फार जपून द्यावी लागते. कातडी पातळ, त्यामुळे काट्याने चटकन फाटते. पोटभर खाऊन लगेच धावू देऊ नये. नुसत्या भाकरीवर भागत नाही, अंडे किंवा थोडे मांस हवे. कांदा-लसणाचा रस्सा आणि शिजवलेली हाडे देऊ नयेत. आम्ही सणासुदीला नेमके तेच घालत होतो! प्रेम होते, माहिती नव्हती.

आता रोज पहाटे मी हरण्याला नेते. गावाबाहेर चुलत्यांचे तारेचे कुंपण घातलेले रिकामे रान आहे, तिथपर्यंत पट्ट्याने न्यायचे आणि आत मोकळे सोडायचे. रस्त्याकडेला सोडायचे नाही, कारण समोर काही पळाले की त्याला ट्रक दिसत नाही. तो चार-सहा फेऱ्या अशा मारतो की बघत राहावे. मग जीभ बाहेर काढून माझ्या पायाशी येऊन पडतो. मी घरी येते, आवरते आणि बस पकडते. सुरुवातीला लोक बोलले. मुलीच्या जातीने भल्या पहाटे कुत्रे घेऊन हिंडावे काय? माय म्हणाली, "बोलू दे." एक गोष्ट मी इथे कबूल करते. पहाटेचे रान मी एकोणीस वर्षांत असे कधी पाहिले नव्हते. मुलीला कारणाशिवाय बाहेर पडता येत नाही, हरण्याने मला कारण दिले. एवढा कुत्रा बरोबर असताना वाटेत कुणी आडवे येत नाही, हेही खरे.

हरण्या खणण्याचे थांबला आहे. दिवसभर झोपतो. मावशींच्या शेळ्यांकडे मात्र अजूनही टक लावून बघतो, म्हणून अंगणात तो पट्ट्यानेच असतो. त्याचा स्वभाव बदलला असे मी म्हणणार नाही. आमचा थोडा बदलला.

हे केवळ कारवानपुरते नाही. शहरात चाळीस अंशांच्या उन्हात बर्फातले हस्की कुत्रे आणणारे आहेत. सुट्टीपुरते पिल्लू आणून पुढे रस्त्यावर सोडणारे आहेत. आणि गावोगावी ज्यांचा मालक कोणीच नाही, पण जी साऱ्या गल्लीची राखण करतात, ती गावठी कुत्री आहेत. आपल्या पैठणच्या नाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतले पाणी पाजले, नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली. या कथा आपण कीर्तनात डोलत ऐकतो आणि घरी येऊन कुत्र्याला दगड मारतो.

म्हणून प्राध्यापक मंडळींना माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी होते. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. त्या सुमारास दत्तक गावात पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने कुत्र्यांना लस द्यावी. कुत्रा चावला तर मिरची किंवा चुना न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा, हे घरोघर सांगावे. हा रोग एकदा उमटला की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य, पण लसीने तो टळतो.

आणि विद्यार्थी मित्रांना एवढेच विचारायचे आहे. पिल्लू आणण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. याला रोज धावायला कोण नेणार? याची भाकरी कोण थापणार? आणि पुढची दहा-बारा वर्षे हे कोण करणार? तिन्ही उत्तरांत तुमचे स्वतःचे नाव नसेल तर पिल्लू आणू नका.

दादाने आता सुट्टीच्या दिवसाची फेरी स्वतःकडे घेतली आहे. सुट्टी आठवड्यातून एकदाच असते. उरलेल्या सहा दिवसांबद्दल आमचे बोलणे अजून चालू आहे.

(बी. ए. द्वितीय वर्ष)