आई नव्वदीत, मुलगी सत्तरीत

नव्वदी ओलांडलेल्या आईला कुशीवर वळवणारी मुलगी स्वतः सत्तरीला आलेली असते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ‘आईजवळ कोण थांबणार?’ या एका प्रश्नापायी वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातं. रात्री चारदा उठायचं, औषधावरून वाद घालायचा आणि आवाज चढला म्हणून सकाळी रडायचं. या चिडचिडीला कृतघ्नपणा म्हणणं अन्यायाचं आहे; तो थकवा आहे.

कायद्याला ही घरं दिसत नाहीत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा साठीपासून पुढच्या साऱ्यांना ज्येष्ठ मानतो. म्हणजे सांभाळणारी लेकही ज्येष्ठच. निर्वाहभत्त्याची मर्यादा महिना 10,000 रुपये. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतलं किमान पेन्शन मात्र 2014 पासून 1,000 रुपयांवरच आहे. त्यावर जगणाऱ्या मुलाने आईला काय द्यायचं?

2024 पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत 5 लाखांचं संरक्षण मिळालं, ते स्वागतार्हच. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे डायपर, ब्युरोच्या बाईंचा पगार, हे सगळं खिशातूनच जातं.

सरकारने निदान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अशा वृद्धांसाठी पंधरवडाभराच्या मुक्कामाच्या काही खाटा राखाव्यात. मुलीचं गुडघ्याचं ऑपरेशन तेवढ्यात होऊ शकेल. आणि भावंडांनी फोनवर सल्ले देण्याऐवजी वर्षातला एक महिना आईपाशी येऊन राहावं.