आलेले टपाल आमच्या संगणकात उतरू द्या

प्रति,
नाशिकच्या लघुउद्योगांना डोमेन आणि मेलबॉक्स विकणाऱ्या सर्व कंपन्या व त्यांचे स्थानिक एजंट

विषय: वेबमेल खाते संगणकावरील मेल प्रोग्रॅममध्ये जोडण्याबाबत मागण्या

महोदय,

आम्ही अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतले लहान कारखानदार. कुणाकडे दोन सीएनसी, कुणाकडे चार प्रेस, कुणी नुसते पावडर कोटिंग करून देतो. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली काचेची केबिन. तिच्यात एक संगणक आणि त्यावर बिले, ई-वे बिले, हजेरी आणि ईमेल सांभाळणारा एकच माणूस. मेलबॉक्स आम्ही तुमच्याकडून दरवर्षी पैसे भरून घेतो. ब्राउझरमध्ये लॉगिन केले की मेल दिसतात, त्याबद्दल तक्रार नाही. तेच खाते आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये जोडायला बसले की अर्धा दिवस जातो.

"जोडता कशाला? ब्राउझरमध्ये दिसतंय ना?" हे तुमच्या एजंटांचे ठरलेले उत्तर. आधी त्यालाच उत्तर देतो.

आमच्या धंद्यात मेल म्हणजे गप्पा नव्हेत. ग्राहक ड्रॉइंग पाठवतो, आठवड्याने त्याचेच सुधारलेले ड्रॉइंग पाठवतो, आणि माल गेल्यावर वाद निघतो की रिव्हिजन बी प्रमाणे करायचे होते की सी. निकाल मेलच्या तारखेवर लागतो. पैशांचेही तेच. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांपेक्षा जास्त अडकवता येत नाहीत. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे. माल पोचल्यावर 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. हरकत आली का आणि कधी आली, हे हल्ली मेल उघडूनच कळते. जीएसटी कायद्याचे कलम 36 हिशेबाचे दप्तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायला सांगते, म्हणजे सहा वर्षे.

मेलची प्रिंट काढून फाइलला लावणारे आमच्यात पुष्कळ आहेत. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चे कलम 7 म्हणते की इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जपलेल्या नोंदीवरून ती कुठून निघाली, कुठे पोचली आणि कोणत्या तारखेला, किती वाजता, हे कळले पाहिजे. हा सगळा मजकूर मेलच्या हेडरमध्ये असतो, प्रिंटवर त्यातला थोडाच उतरतो. म्हणून मूळ मेल हवा, आणि तो आमच्या कपाटात हवा. सहा वर्षांची ड्रॉइंग तुमच्या स्वस्त प्लॅनच्या मेलबॉक्समध्ये मावत नाहीत हे तुम्हालाही ठाऊक आहे, नाहीतर जागा वाढवून घ्या असे सांगणारे मेल तुम्ही इतक्या नेमाने पाठवले नसते.

पहिली मागणी पॉप आणि आयमॅपबद्दल आहे आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. खाते जोडताना प्रोग्रॅम विचारतो, दोन्हींपैकी कोणते? फरक कुणी सांगत नाही. वास्तविक नाशिकच्या माणसाला तो दोन वाक्यांत समजेल. देशाची टपाल तिकिटे नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात आली आहेत, तेव्हा उदाहरण टपालाचेच घेऊ. पॉप म्हणजे पोस्टात जाऊन टपाल घरी आणणे: पत्र घरी आले की पोस्टातली पेटी रिकामी, प्रत तिथे ठेवा अशी खूण असेल तरच शिल्लक राहते. आयमॅप म्हणजे पेटी पोस्टातच, आपल्याकडे फक्त किल्ली: घरी बसून जे पान फाडाल ते पोस्टातही फाटते.

हे न कळल्याने काय होते ते आमच्यातल्या एका कारखानदाराकडे घडले. मेलबॉक्स भरल्याचा इशारा आला. ऑफिसातल्या मुलीला वाटले, मेल तर आपल्या संगणकात आहेत, मग संगणकावरचे जुने काढू, वेबवरचे राहतील. खाते आयमॅपने जोडलेले होते. तिने दोन वर्षांचे मेल निवडून डिलीट केले आणि कचऱ्याची पेटीही रिकामी केली. संध्याकाळी मालकाने फोनवर पाहिले तर तिथेही काही नव्हते. दुसऱ्या एका ठिकाणी उलटे झाले. खाते पॉपने जोडले होते, सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण केलेली नव्हती, आणि हार्ड डिस्क बसली. दोन्ही ठिकाणी माणसाची चूक म्हणून सगळे मोकळे झाले. आम्हाला ते मान्य नाही. ज्या पानावर तुम्ही सर्व्हरचे नाव देता, त्याच पानावर ही दोन वाक्ये मराठीत छापा. पॉप फक्त इनबॉक्स उतरवतो, वेबवरून पाठवलेले मेल उतरवत नाही, हे तिसरे वाक्यही जोडा. शिवाय मेलबॉक्स रिकामा करण्याआधी सगळे मेल एका फाइलीत उतरवून घेण्याचे बटण वेबमेलमध्येच द्या.

दुसरी मागणी आकड्यांची. आयमॅपसाठी 993, पॉपसाठी 995, जाणाऱ्या मेलसाठी 465 किंवा 587: एवढ्यात काम होते. तरीही खाते सुरू करताना तुमच्याकडून येणाऱ्या मेलमध्ये अजून 110, 143 आणि 25 हे जुने आकडे सापडतात. पहिल्या दोहोंवर एन्क्रिप्शन वेगळे लावले नाही तर पासवर्ड उघडा जातो, आणि 25 तर बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या अडवून ठेवतात. मग मेल येतात पण जात नाहीत. आमचा माणूस पासवर्ड तीनदा बदलून बघतो. दोष पासवर्डचा नसतोच. कधी तो 25 या आकड्याचा असतो, तर कधी जाणाऱ्या सर्व्हरलाही युजरनेम-पासवर्ड लागतो ही खूण एका आतल्या खिडकीत करायची राहिलेली असते. ही खूण कुठे आहे ते दाखवायला तुमचा एजंट व्हिजिट चार्ज घेतो. जुने आकडे काढून टाका. त्याहून बरे म्हणजे, पत्ता आणि पासवर्ड टाकला की प्रोग्रॅमने बाकीचे आपोआप शोधून घ्यावे अशी नोंद आमच्या डोमेनवर तुम्हीच करून द्या. थंडरबर्ड आणि आउटलुक दोन्हींत ती सोय आहे.

सर्टिफिकेटच्या इशाऱ्याबद्दल जरा रागानेच लिहितो. तुम्ही सांगता, सर्व्हरचे नाव म्हणून 'मेल' आणि पुढे आपले डोमेन लिहा. सर्टिफिकेट मात्र तुमच्या सामायिक सर्व्हरच्या नावाचे असते. दोन नावे जुळत नाहीत, म्हणून रोज सकाळी प्रोग्रॅम इशारा दाखवतो आणि आमचा माणूस रोज सकाळी 'यस' दाबतो. एजंटनेच तसे शिकवलेले असते. धोक्याची पाटी दिसली की न वाचता पुढे जायची सवय अशी लागते. नंतर पुरवठादाराच्या नावाने बँक खाते बदलल्याचा खोटा मेल आला की त्याच माणसाने सावध राहावे अशी आपली सर्वांची अपेक्षा असते. सर्टिफिकेट आमच्या डोमेनच्या नावाने द्या, नाहीतर जे नाव जुळते तेच लिहायला सांगा. यात खर्चाचा प्रश्न नाही, अशी सर्टिफिकेटे लेट्स एन्क्रिप्ट फुकट देते.

बदलाची सूचना आधी द्या. गूगलने नुसत्या पासवर्डने बाहेरचे प्रोग्रॅम जोडण्याची जुनी सोय वैयक्तिक खात्यांसाठी 30 मे 2022 ला बंद केली, मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक खात्यांसाठी 16 सप्टेंबर 2024 ला. दोघांनी तारीख आधी जाहीर केली होती. तुमच्याकडे मात्र सर्व्हर बदलल्याचे आम्हाला मेल थांबल्यावर कळते, आणि त्याची सूचना त्याच थांबलेल्या मेलबॉक्समध्ये पडलेली असते. किमान 30 दिवस आधी, मोबाइलवर एसएमएसने कळवा. जीएसटीची नोटीस नोंदणीत दिलेल्या ईमेलवर पाठवली तरी कलम 169 प्रमाणे ती बजावलेली धरता येते. आमचा मेलबॉक्स दोन दिवस बंद राहिला तर उत्तराची मुदत आमचीच जाते.

आता हे सगळे तातडीने का, तेही सांगतो. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे वसाहतीत जुने संगणक बदलत आहेत आणि प्रत्येक नव्या संगणकावर खाते पुन्हा जोडावे लागते. जुन्या आउटलुकची पीएसटी फाइल आमच्या हार्ड डिस्कवर असायची. विंडोज 11 बरोबर येणाऱ्या नव्या आउटलुकमध्ये दुसऱ्या कंपनीचे आयमॅप खाते जोडले की मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्येही सिंक होतात. तसे हवे की नको हे ग्राहक ठरवेल, पण त्याला ते जोडण्याआधी माहीत हवे. तुमच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

डोमेनची नोंदणी एजंटच्या नावाने नको, आमच्या नावाने हवी. कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड पहिल्या दिवशी मिळावा. एजंटशी भांडण झाले म्हणून मेल बंद पडल्याची उदाहरणे आमच्याकडे आहेत. ती इथे लिहीत नाही, समोरासमोर सांगू.

शेवटची मागणी साधी आहे. तुम्ही मराठीत पान तयार कराल, तेव्हा ते छापून घेऊन अंबडला या. आमच्यापैकी कुणाच्याही केबिनमध्ये बसा. आमचा माणूस फक्त ते पान वाचून, कुणाला फोन न करता, रिकाम्या संगणकावर खाते जोडेल. तुम्ही मागे उभे राहून बघायचे, माउसला हात लावायचा नाही. तो जिथे अडेल तिथे पान दुरुस्त करायचे. हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत दिवस कळवावा. चहा-वडापाव आमच्याकडे.

आपले,
अंबड व सातपूर येथील लघुउद्योजक

ता. क. उत्तर ईमेलने पाठवल्यास त्याची एक प्रत कृपया टपालानेही पाठवावी. आमच्या कार्यालयाचा मेलबॉक्स सध्या भरलेला आहे.