माप दुकानात, ऑर्डर मोबाईलवर

एक कबुली देते. कळसूबाईच्या ट्रेकसाठी बूट घ्यायचे होते. कॉलेजजवळच्या दुकानातल्या काकांनी अर्धा तास घालवून चार जोड दाखवले. "ट्रेकचे जाड मोजे घालूनच बघ. खरी परीक्षा उतरताना. बोटं पुढे आपटली की नखं काळी पडतात," म्हणाले. मी नंबर लक्षात ठेवला, "नंतर सांगते" म्हटलं आणि रूमवर येऊन तेच बूट ऑनलाईन ३०० रुपयांनी स्वस्त मागवले.

१६४६ मीटरचं शिखर चढून उतरले, पायाला एक फोड नाही. टोचतंय ते हेच! बूट नीट बसले काकांच्या सल्ल्यामुळे, पैसे मात्र दुसऱ्यालाच मिळाले.

मेसचं बिल भरल्यावर हातात उरतं काय, असं तुम्ही म्हणाल. कबूल. परवडत नसेल तर बिनधास्त ऑनलाईन घ्या, पण मग काकांचा अर्धा तास फुकट घेऊ नका. निदान भाव तरी करून बघा. मी तर विचारलंसुद्धा नव्हतं! दुकानाचं भाडं, पडून राहिलेला माल ते सोसतात, म्हणून आपल्याला बूट पायात घालून बघता येतात. उद्या ते शटर कायमचं खाली आलं, तर माप कुठे घ्यायचं?

पावसाळ्याआधी रेनकोट घ्यायचाय. या वेळी पैसे घेऊनच जाणार.